पैठण रोडवरचा वेताळ आणि चित्रं वाचणारी लेकरं

ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि इअरफोन घरी विसरल्यामुळे हे बसमध्ये वाचत असाल तर तुमचंही. नेहमीसारखाच हा भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना मध्येमध्ये आलेलं ‘म्हणजे’, ‘आपलं ते’ काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट चितेगावातून सुरू होते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालात की शहर मागे पडतं, मग बिडकीन यायच्या आधी रस्त्याला चितेगाव लागतं. तालुका पैठण. एके काळी भारतातल्या लाखो घरांना या गावाचा पत्ता न कळत माहीत होता. व्हिडिओकॉन कंपनीचा नोंदणीकृत पत्ता होता ‘१४ किलोमीटर दगड, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव’. घरोघरी जो चित्रांचा डबा आला, तो रंगीत टीव्ही या रस्त्यावर जुळवला जायचा. पुढे २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण गाव आहे तिथेच आहे, आणि माझ्या ताईचं सासरही तिथेच आहे.

मागच्या महिन्यात ताईकडे गेलो होतो. भाचा दुसरीत. ओसरीवर पालथा पडून एक पुस्तक बघत होता. मोठी चित्रं, पानावर फार तर दोन ओळी. तो शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे चालला होता. आतून ताई म्हणाली, "मामा आलाय तर वाचून दाखव की. नुसती चित्रं काय बघायलास?" मग मला हळूच सांगितलं, "शाळेत पण हेच म्हणतात. वाचन कच्चं आहे, चित्रंच बघत बसतो."

तिथेच माझं डोकं अडकलं. चित्रं बघणं म्हणजे वाचन नाही, हे कधी ठरलं? कोणी ठरवलं? आणि तेही पैठण रोडवर? कारण मंडळी, चित्र दाखवून गोष्ट सांगायचा या भागाचा इतिहास इतका जुना आहे, की त्यापुढे आपली छापील पुस्तकं कालची पोरं वाटतील. तर आज तोच रस्ता धरू.

वेताळ मूळचा कुठला?

विक्रम आणि वेताळ कोणाला माहीत नाही? राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, वेताळाची गोष्ट आणि शेवटी प्रश्न. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी परत झाडावर. या गोष्टींचं एक प्रसिद्ध जुनं रूप संस्कृतात सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’मध्ये आहे. हा ग्रंथ अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिला गेला. त्यात राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचं राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीत. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण!

म्हणजे काश्मीरमध्ये बसलेला पंडित वेताळाच्या गोष्टी सांगायला लागला, तेव्हा त्याने राजा निवडला पैठणचा. चितेगावहून एसटीत बसलं तर तासाभराच्या आत त्या राजाचं गाव येतं.

हा योगायोग नाही. ‘कथासरित्सागर’ स्वतःला ‘बृहत्कथा’ नावाच्या हरवलेल्या ग्रंथाचा सारांश म्हणवतो. ती बृहत्कथा गुणाढ्याची, आणि परंपरा सांगते की गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारी होता. त्याची दंतकथा ऐकाच. दरबारात संस्कृतवरून पैज लागते, गुणाढ्य हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशी भाषा, सगळं सोडून मुका होऊन रानात जातो. तिथे पैशाची भाषा शिकतो. त्या भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहितो, तीही शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाकडे पाठवतो. राजा म्हणतो, कसली ही पिशाचांची भाषा, नको.

मग गुणाढ्य टेकडीवर आग पेटवतो. एकेक पान रानातल्या प्राण्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. हरणं, डुकरं, पाखरं चरणं सोडून ऐकत बसतात, रडतात. इकडे राजाच्या ताटात वाळकं मांस यायला लागतं, कारण उपाशी जनावरं रोडावलेली. चौकशी होते. राजा धावत टेकडीवर जातो, तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले. एक लाख उरतात.

ही दंतकथा आहे, इतिहास नाही. पण तिच्यातलं दुखणं खरं आहे. ज्या भाषेला दरबार नाक मुरडतो तिच्यातल्या गोष्टी जळून जातात, आणि ज्यांना अक्षर कळत नाही ते कधीकधी जास्त मन लावून ऐकतात. हे दोन्ही मुद्दे डोक्यात ठेवा. आपल्याला परत लागणार आहेत.

चौकटी नसलेलं कॉमिक

पैठण रोडवरून मागे फिरू आणि शहर ओलांडून उत्तरेला साधारण शंभर किलोमीटर जाऊ. अजिंठा. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी या लेण्या दिसल्या, हे शाळेत वाचलं असेल. आपण जाऊ सतरा नंबरच्या लेण्यात. पाचव्या शतकातलं काम, आणि भिंती जातककथांनी भरलेल्या.

त्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्ट आहे, षड्दंत जातक. मागच्या जन्मी हत्तीण असलेली राणी जुन्या रागातून हत्तीचे सुळे मागते. शिकारी बाण मारतो, पण त्याला सुळे कापता येत नाहीत. तेव्हा तो हत्ती स्वतःच त्याला मदत करतो. सुळे राणीसमोर येतात आणि तिचा जीव जातो. सात वर्षांच्या लेकरालाही कळते आणि सत्तर वर्षांच्या माणसालाही झोपू देत नाही, अशी गोष्ट.

पण कॉमिक वाचणाऱ्यांनो, गंमत मांडणीत आहे. तिथे चौकटी नाहीत. एक, दोन, तीन असा क्रम नाही. अभ्यासकांच्या लक्षात आलं, की अजिंठ्यात प्रसंग बऱ्याचदा काळाप्रमाणे नाही तर जागेप्रमाणे लावलेत. राजवाड्यात जे जे घडलं ते एकीकडे, रानात जे जे घडलं ते दुसरीकडे. तोच माणूस एकाच भिंतीवर चार वेळा दिसतो. नवख्याला वाटतं, ही वेगवेगळी माणसं आहेत. माहीतगाराचा डोळा मात्र उडी मारत जातो.

मग नवख्याला कळायचं कसं? त्याची सोय होती. याच लेण्याच्या ओसरीत एका मोठ्या चक्राचं चित्र आहे, भवचक्र, आता बरंच झिजलेलं. जुन्या बौद्ध ग्रंथांमध्ये सूचना आहे, की असं चक्र विहाराच्या दारात काढावं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते समजावून सांगायला एक भिक्खू नेमावा.

बघा, चित्र काढून ते लोक थांबले नाहीत. शेजारी एक माणूसही ठेवला. चित्र, गोष्ट आणि सांगणारा, ही तीन पायांची तिवई आहे. एक पाय काढला की लवंडते. भाचा ओसरीवर पालथा पडून पुस्तक बघत होता तेव्हा त्याच्याकडे चित्र होतं, गोष्ट होती. तिसरा पाय कुठे होता?

चित्रकथी

आता परत पैठणला. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात गेलात तर तिथे कागदावरची काही भन्नाट चित्रं आहेत. बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. एका बाजूने दिसणारे चेहरे, भले मोठे डोळे, लाल-पिवळे-हिरवे सपाट रंग, मागे देखावा वगैरे काही नाही. रथ, धनुष्यं, राक्षस, माकडं, सगळी जणू आत्ताच हलतील अशी. अशी चित्रं पैठणमध्ये मिळाली, म्हणून अभ्यासक त्यांना ‘पैठण शैलीची चित्रं’ म्हणू लागले. साडीच्या पैठणीचं नाव जगभर झालं. चित्रांच्या पैठणीचं नाव पैठणमधल्याच किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

ही चित्रं भिंतीवर टांगायची नव्हती. ती चित्रकथींची होती. चित्र दाखवून कथा सांगणारा तो चित्रकथी. हे कामाचंही नाव आणि समाजाचंही. गावोगाव फिरायचं, देवळात किंवा पारावर बसायचं, रामायण-महाभारतातलं एखादं आख्यान लावायचं. सुटी चित्रं एकावर एक ठेवलेली, तिला म्हणायचं पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. एक पोथी म्हणजे एक आख्यान.

ही परंपरा आजही जिवंत आहे, पण पैठणमध्ये नाही. ती आहे सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात, ठाकर समाजाकडे. सावंतवाडीच्या संस्थानाने या कलेला आश्रय दिला, देवळांमध्ये सादरीकरणाची सोय लावून दिली. तिथे वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर कथा चालते. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि जुन्या पोथ्या जपल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता ही मांडणी नीट डोळ्यांसमोर आणा. मोठा माणूस चित्र धरून बसलाय. समोर ऐकणारे. तो बोलतो, चित्राकडे बोट दाखवतो, आवाज बदलतो, थांबतो, पान उलटतो. आजचे बालवाडीचे तज्ज्ञ सांगतात ना, मुलाला मांडीवर घ्या, पुस्तक दोघांना दिसेल असं धरा, बोट फिरवत वाचा, मध्येच थांबून विचारा, पुढे काय होईल? मंडळी, हे चित्रकथी करत होते. फक्त मांडी नव्हती, पार होता.

मग ही तिवई मोडली कशी?

अक्षर मोठं झालं, चित्र लहान झालं

छापखाना आला. मराठी मुलांसाठीची छापील पुस्तकं फार लवकर आली. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांचं ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ १८२८ मध्ये आलं, आणि १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’. आपला वेताळ छापखान्यात पोचला.

पण या पुस्तकांचं काम होतं शिकवणं. भाषा शिकवायची, नीती शिकवायची. अक्षरांचे खिळे एकदा पाडले की पुन्हा पुन्हा वापरता येतात. चित्राचा ठसा मात्र प्रत्येक वेळी नवा कोरायचा, नवा खर्च करायचा. त्यामुळे चित्र चैनीचं झालं आणि अक्षर गरजेचं. परीक्षा अक्षरांची, नोकरी अक्षरांवर. ज्याला अक्षर येतं तो शहाणा. चित्रकथी पारावरच राहिला आणि अडाण्यांच्या करमणुकीत मोजला गेला. ‘चित्रं बघत बसू नको’ हे वाक्य बहुधा इथेच कुठेतरी जन्मलं असावं. हा माझा अंदाज, पण खर्चाचं गणित तरी तेच सांगतं.

तरी मुलांची मासिकं येत राहिली. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ १८८१ पासून, वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ पासून. त्यांनी मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना वाचायची गोडी लावली. पण चित्र तिथे पाहुणा होतं. यजमान मजकूरच.

चित्राला यजमानपद परत मिळालं ते दुसऱ्याच घरी. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. शब्द बघा, चित्रकथी आणि चित्रपट. शब्दही शेजारी, आणि पुराणातली आख्यानंही तीच. फक्त पोथी फिरवणारा हात जाऊन यंत्र आलं. पाराला आणखी एक दणका.

वेताळ परत येतो, दोनदा

आता तुमच्या आईबाबांचा आणि आजीआजोबांचा काळ. मद्रासहून निघणारं ‘चंदामामा’ १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं. मराठीत ते ‘चांदोबा’ नावाने १९५२ मध्ये आलं. त्यातली विक्रम-वेताळची चित्रं काढायचे के. सी. शिवशंकरन, सहीपुरते ‘शंकर’. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, अंधारं स्मशान. ते चित्र पाहून अख्ख्या पिढ्या रात्री अंथरुणात घाबरल्या. म्हणजे पैठणच्या राजाची गोष्ट काश्मीरला गेली, मुंबईत छापली गेली, आणि तिचा चेहरा ठरला मद्रासमध्ये. मग एसटीच्या टपावरच्या टपालातून ती मराठवाड्यात परत आली.

शिवशंकरन २०२० मध्ये वारले. २०२१ च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं, मरणोत्तर. आणि त्याच यादीत परशुराम गंगावणेही होते. चांदोबाचा चित्रकार आणि पिंगुळीचा चित्रकथी, एकाच वर्षी, एकाच यादीत. बातमीत दोघांना कोणी शेजारी बसवलं नाही, म्हणून आपण बसवू.

दुसरा वेताळ परदेशी. १९६४ मध्ये टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. अमेरिकेतला फँटम, जंगलात राहणारा, कवटीच्या अंगठीचा. इंद्रजाल मराठीत आली तेव्हा त्याचं बारसं झालं ‘वेताळ’! खांद्यावर बसणारा वेताळ आता घोड्यावर बसला.

मग १९६७ मध्ये अनंत पैंनी ‘अमर चित्र कथा’ उभी केली. ती मराठीतही आली. तिच्यामागचे हातही पाहण्यासारखे आहेत. राम वाईरकरांनी ‘कृष्ण’ काढला, आणि पुढे ‘टिंकल’मधला सुपंडीही त्यांच्याच हातचा. पुण्याच्या प्रताप मुळीकांनीही या मालिकेसाठी खूप काम केलं. कित्येकांना पुराण आणि इतिहास कळला तो या पुस्तकांतून.

आणि इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी. चित्र न बोलताही बरंच शिकवतं. या मालिकेवर अभ्यासकांनी टीका केली, ती याच मुद्द्यावर. देव आणि राजे गोरे, सडपातळ, रेखीव. राक्षस काळे, जाडे, विद्रूप. मजकुरात असं कुठे लिहिलेलं नसतं, की काळा तो वाईट. पण सात वर्षांचं लेकरू ते वाचतं. चित्रातून वाचतं. आता सांगा, चित्र बघणं म्हणजे वाचन नाही? उलट ते इतकं खोल वाचन आहे, की त्यावर लक्ष ठेवायला शेजारी कोणीतरी असायला हवं.

घरातलीच गोष्ट

१९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केलं. सरकारी मासिक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, तसं ते नव्हतं. चांगल्या लेखकांसोबत चांगले चित्रकारही त्यात होते, आणि किंमत खेड्यातल्या शाळेला परवडणारी. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये चिंटू आला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. तीन-चार चौकटी, आई, पप्पा, पप्पू, मिनी. राजा नाही, राक्षस नाही. वाड्या-सोसायटीतलं पोरगं पेपरात आलं, आणि घरात पेपर आला की आधी चिंटू कोण वाचणार यावरून भांडणं सुरू झाली.

चित्रपुस्तकांमध्ये हे काम केलं माधुरी पुरंदरे यांनी. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. ‘राधाचं घर’ बघा. राधा नावाची छोटी मुलगी आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते. बस, एवढंच. पण चित्रात आजीचा चष्मा, स्वयंपाकघरातले डबे, बाबांचा पसारा, सगळं आपल्या घरातलं. पुस्तक उपदेश करत नाही. त्यांचं ‘चित्रवाचन’ तर नावातच आपलं उत्तर घेऊन बसलंय. चित्रं पाहायची आणि आपण बोलायचं. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार.

हे मोठं वळण आहे. चित्रकथी मुलांना देवांकडे नेत होता, अमर चित्र कथा राजांकडे. इथे पहिल्यांदा मुलाला सांगितलं गेलं, की तुझं घर, तुझी आजी, तुझा मोडलेला हात ही पण गोष्ट आहे.

आणि जी गोष्ट सांगायची कोणी हिंमत केली नव्हती

ग्राफिक कादंबरी म्हटलं की तुम्हाला जपानी मांगा आठवत असेल. पण एक पुस्तक आपल्या जिल्ह्यापाशी येऊन थांबतं.

१९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर आपल्या काही सहकाऱ्यांसह वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. तेव्हा औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद राज्यात. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या टाक्यावर त्यांनी हातपाय धुतले. एक म्हातारा ओरडत आला, की यांनी टाकं बाटवलं. गर्दी जमली, बाचाबाची झाली. शेवटी आत सोडलं, पण पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला सोबत एक हत्यारबंद शिपाई. बाबासाहेबांनी हे स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलंय. त्याच आठवणींत १९०१ मधला छोटा भीमही आहे. नऊ वर्षांचा, मसूर स्टेशनवर उतरलेला, रात्रभर पाण्याविना राहिलेला.

या लेखनावर आधारलेलं ‘भीमायन’ नावाचं ग्राफिक पुस्तक २०११ मध्ये इंग्रजीत आलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, दोघं परधान गोंड समाजातले. परधान म्हणजे गोंडांचे कथा गाणारे, त्यांचे चित्रकथीच म्हणा. त्यांनी ठरवलं, की माणसांना डब्यांत कोंडायचं नाही. म्हणून चौकटींऐवजी गोंडांच्या भिंतीवरच्या दिग्ना नक्षीच्या वळणदार रेघा. अजिंठ्याची आठवण येते ना? आणि बोलण्याचे फुगे तर बघण्यासारखे. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा. विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.

अक्षर न येणाऱ्या लेकरालाही फुगा बघून कळतं, की हा माणूस डंख मारतोय. जे समजवायला आपल्याला चार परिच्छेद लागले असते, ते एका नांगीने झालं. गुणाढ्याची आठवण ठेवा म्हणालो होतो ना? दरबाराला नको असलेल्या गोष्टी जळून जातात. ही जळली नाही, कारण आधी कोणीतरी लिहून ठेवली आणि नंतर कोणीतरी काढून दाखवली.

परत ओसरीवर

तर चितेगाव. ताईचं म्हणणं मी खोडून काढलं नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या भावाने सासरच्या ओसरीवर भाषण देऊ नये, एवढं मला कळतं. मी भाच्याशेजारी पालथा पडलो आणि विचारलं, "उलटं का वाचतोस रे?"

म्हणाला, "मामा, ते मांजर बघ ना. शेवटच्या पानावर पलंगाखाली आहे. मग ते आलं कुठून, ते बघायलोय."

मी तोवर दोनदा पुस्तक चाळलं होतं. मला मांजर दिसलंच नव्हतं! मजकुरात मांजराचा शब्दही नाही. चित्रकाराने ते पानोपानी कुठेतरी लपवलं होतं, पडद्यामागे, पिशवीत, खिडकीत. मी अक्षर वाचत होतो, म्हणून मला अर्धीच गोष्ट मिळाली. वाचन कच्चं कोणाचं होतं?

तेवढ्यात त्याची आजी आली, ताईच्या सासूबाई. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. आजवर नातवाचं पुस्तक त्यांनी फक्त उचलून ठेवलं होतं, उघडलं नव्हतं. भाच्याने त्यांच्या मांडीवर पुस्तक टाकलं. "आजी, मांजर शोध." आजींनी चष्मा लावला. दोन पानांवर सापडलं, तिसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर त्या म्हणाल्या, "हे गेलं असंल दूध प्यायला. आमच्या माहेरी पण एक असंच होतं बघ..." आणि सुरू झाल्या. पुस्तकातली गोष्ट राहिली बाजूला, दुसरीच निघाली. भाचा मध्येच विचारत होता, त्या उत्तर देत होत्या, पान उलटत होत्या. पंधरा मिनिटांनी मी बघितलं तर तो खालच्या दोन ओळींवर बोट ठेवून आजींना वाचून दाखवत होता. अडखळत, पण स्वतःहून. कारण आता त्या घरात अक्षर येणारा तो होता आणि आजींना पुढचं ऐकायचं होतं.

मी असं म्हणणार नाही, की एका दुपारी त्याचं वाचन सुधारलं. अक्षरं यायलाच हवीत, त्याला सुट्टी नाही. पण चित्र ही अक्षराची पायरी आहे आणि ती चढून गेल्यावर मोडून टाकायची, असं जे आपण धरून चाललोय, ते या रस्त्याच्या इतिहासात तरी बसत नाही.

आता तुमच्या हातातल्या फोनचं. ‘किशोर’चे सुरुवातीपासूनचे अंक बालभारतीने स्कॅन करून मोफत ठेवलेत. आईबाबांना त्यांच्या लहानपणीच्या वर्षाचा अंक उघडून द्या आणि गंमत बघा. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथे मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, आणि खुल्या परवान्यामुळे तुम्ही स्वतः भाषांतर करून टाकूही शकता. आपल्या बोलीत करा की. मराठवाडीतली किती चित्रपुस्तकं आहेत, हात वर करा.

फक्त एक विनंती. घरातल्या लेकराच्या हातात फोन देऊन उठून जाऊ नका. फोनमध्ये चित्र आहे, गोष्ट आहे. तिवईचा तिसरा पाय त्यात नाही. तो तुम्हाला व्हावं लागेल. रोज दहा मिनिटं पुरतात. शेजारी बसायचं, बोट ठेवायचं, थांबायचं आणि वेताळासारखं विचारायचं, सांग, पुढे काय झालं असेल? चुकीचं उत्तर दिलं तरी डोक्याची शकलं होत नाहीत.

पुढच्या भागात आपण पिंगुळीला जाणार आहोत, कळसूत्री बाहुल्या बघायला. तोवर तुमच्या घरातल्या आजींना मांजर शोधायला लावा, आणि त्यांनी कोणती गोष्ट सांगितली ते आम्हाला आवाजी निरोपात पाठवा. त्यांच्याच आवाजात. भेटू.